बोंडअळी अन् चक्रीभुंगा: एका पंपात दोघांचा हिशोब होते का?

प्रश्न: नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला. आठ एकर वावर हाये, पाच एकरात पऱ्हाटी (कापूस) अन् तीन एकरात सोयाबीन, मधात फक्त एक धुरा (बांध). सोयाबीनचे शेंडे माना टाकून वाळून राह्यले, चिरून पाह्यलं तं खोडात पिवळी अळी. पऱ्हाटीत डोमकळ्या दिसून राह्यल्या, त्याच्यातबी अळी. आमचे बाबा म्हणतात का ही एकच अळी हाये, सोयाबीनवरची धुरा ओलांडून पऱ्हाटीत येते. कृषी केंद्रवाला म्हणते दोन्ही आतूनच खातात, तं दोन औषधं एका टाकीत मिसळा अन् दोन्ही वावरात मारून द्या, मजुरी वाचते. हे खरं हाय काय? अन् दोघांतली जास्त घातक कोणती?

उत्तर: भाऊ, आधी बाबांचं बघू. त्यांना सांगा, धुरा कोणीच ओलांडत नाहीये. पऱ्हाटीतली ती गुलाबी बोंडअळी, ती एका पाखराची म्हणजे पतंगाची अळी. सोयाबीनच्या खोडातली ती चक्रीभुंग्याची, आणि भुंगा वेगळा, पतंग वेगळा, दोघांचं खानदानच वेगळं. बोंडअळीला कापूस लागतो, फार तर भेंडीसारखी कापसाच्या नात्यातली झाडं, सोयाबीनकडे ती ढुंकूनही पाहत नाही. चक्रीभुंग्याला सोयाबीन, मूग, उडीद, चवळी असली कडधान्याच्या घरची झाडं पाहिजेत, पऱ्हाटीवर तो संसार मांडत नाही. एकाच हंगामात शेजारशेजारच्या वावरात दोन्ही दिसतात म्हणून तसं वाटतं, बाबांचं काही चुकलं नाही, कारण डोमकळीतली अळी लहान असताना गुलाबी नसतेच, पांढरी असते आणि डोकं काळपट, त्यामुळं घाईत पाहिलं तर दोन्ही सारख्याच वाटतात.

उद्या सकाळी एक करा. डोमकळीतली अळी आणि सोयाबीनच्या खोडातली अळी, दोन्ही काढून तळहातावर शेजारी शेजारी ठेवा. बोंडअळीला डोक्याच्या मागं तीन जोड्या बारीक पाय दिसतील आणि पोटाखाली मऊ पाय, ती तुमच्या हातावर चालायला लागेल. चक्रीभुंग्याच्या अळीला पायच नाहीत. पिवळसर, अंगावर कड्याकड्यांचे फुगवटे, ती नुसती वळवळते, बोगद्याच्या बाहेर तिला काही सुचत नाही. मोबाईलचा कॅमेरा झूम केला की एवढं स्पष्ट दिसतं, भिंगाची गरज नाही.

आता दोघींच्या आयांकडे बघा, कारण खरा फरक तिथंच आहे आणि औषधाचा सगळा हिशोबही तिथूनच निघतो.

बोंडअळीचा पतंग म्हणजे करड्या-तपकिरी रंगाचं, एक सेंटिमीटरपेक्षाही छोटं पाखरू. दिवसा ढेकळांच्या फटीत नाहीतर पाल्याखाली बसून राहतं, कारभार सगळा रात्रीचा. मादी पात्यांवर म्हणजे न उमललेल्या कळ्यांवर, फुलांवर आणि पुढं बोंडाच्या देठाजवळ, पाकळ्यांच्या आडोशाला अंडी घालते, ती इतकी बारीक की वावरात उभं राहून शोधणं विसरा. चारसहा दिवसांत अंडं फुटतं आणि अळी काही तासांत आत. फुलात शिरली तर आतून धाग्यानं पाकळ्या बांधून टाकते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं, तीच तुमची डोमकळी. बोंडात शिरली तर आत जायचं भोक भरून येतं, वरून बोंड एकदम ठणठणीत, हिरवंगार, आणि आत सरकी पोखरणं चालू. म्हणून बरेच जण दिवाळीपर्यंत खुशीत असतात की औंदा अळी नाही, आणि वेचा सुरू झाला की कवडी कापूस हातात येतो, पिवळा पडलेला, अर्धवट फुटलेला, आणि व्यापारी भाव पाडतो.

चक्रीभुंग्याची मादी वेगळीच कारागीर आहे. सात ते दहा मिलिमीटरचा भुंगा, डोकं आणि छाती नारंगी, पंखांचा मागचा भाग काळपट, आणि अंगाएवढ्या लांब मिशा. तो दिवसाउजेडी फिरतो, सकाळी सोयाबीनच्या पानांवर बसलेला सहज सापडतो. मादी देठावर, फांदीवर नाहीतर खोडावर जबड्यानं कुरतडून गोल चकती पाडते, पूर्ण वेढा, मग थोडं अंतर सोडून दुसरी चकती, दोन्हीत साधारण एक-दीड सेंटिमीटर जागा. त्या मधल्या जागेत भोक पाडून एक अंडं, एकच. वरच्या भागाचं पाणी तुटतं म्हणून शेंडा मान टाकतो, तुम्ही जे वाळलेले शेंडे पाहिले ते हेच. अंडं फुटलं की अळी खाली खोडाकडे पोखरत निघते, महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त दिवस आतच. पीक पक्व व्हायला आलं की ती जमिनीपासून पंधरा ते पंचवीस सेंटिमीटरवर खोड आतून गोल कापते, वरचा भाग जरा वारा आला की आडवा, शेंगांसकट, आणि ही बाई खालच्या खुंटात तोंड बंद करून आरामात बसते, पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत.

म्हणजे बोंडअळी नुकसान लपवते आणि चक्रीभुंगा आल्या आल्या तुम्हाला खूण दाखवून देतो. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

आता टाकीचं. दोन्ही अळ्या आत गेल्यावर वरून मारलेलं बहुतेक औषध म्हणजे चोर घरात शिरून कडी लावून बसल्यावर अंगणात काठी आपटणं. औषध लागू पडतं ते अंडी, नुकतीच फुटलेली अळी आणि फिरणारे पतंग-भुंगे यांच्यावर, आणि ती वेळ दोन्ही पिकांत एकाच दिवशी येत नाही. सोयाबीनवर चक्रीभुंग्याचा जोर जुलै-ऑगस्टात सुरू होतो. कापसावर बोंडअळीची खरी गर्दी फुलं-बोंडं वाढतील तशी वाढत जाते आणि सप्टेंबर ते डिसेंबर पिढीवर पिढी, एक पिढी साधारण चार ते पाच आठवड्यांची. मग एका दिवशी एकच टाकी मारून कोणाचं भलं होणार, केंद्रवाल्याचंच.

आणि हे मिसळायचं प्रकरण तर मला अजिबात पटत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला हे मी काय सांगावं, २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी आणि मजूर दगावले, कितीजण आयसीयूत होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यात उकाडा, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं सर्रास चालू होतं. ज्या मिश्रणाची लेबलवर किंवा विद्यापीठाची शिफारस नाही ते करू नका, कोणी फुकट दिलं तरी. अंगभर कपडे, मास्क, हातमोजे, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारा नाही, आणि फवारणाऱ्या मजुराला उपाशीपोटी वावरात पाठवू नका.

मग करायचं काय? सोयाबीनमध्ये एक मीटर ओळीत तीन ते पाच झाडं चकती पाडलेली दिसली तर फवारा, त्याच्या आत असेल तर हातानं शेंडे तोडा. औषधात क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे सोयाबीनच्या चक्रीभुंग्यासाठी लेबलवर आहे, एकरी ६० मिली, त्यात खोडमाशी आणि उंटअळीही सापडते. कापसात एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी मोजा. त्या सापळ्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, म्हणून फक्त नर येऊन पडतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग पडले तर समजा वेळ आली. दुसरं म्हणजे एकरातून फिरून वीस हिरवी बोंडं तोडा, मध्यम आकाराची, फार जून नको, आणि जागच्या जागी फोडून बघा. आतल्या सालीवर बारीक फोडासारखे फुगवटे, नागमोडी रेघा, सरकीजवळ अळी, असं दोन बोंडांत जरी सापडलं तरी दहा टक्के झालं, फवारा मारा. कोणतं औषध, ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची त्या हंगामातली शिफारस पाहून. सुरुवातीलाच पायरेथ्रॉईड गटाचं औषध मारू नका, पांढरी माशी उसळते आणि मग तिच्यामागं धावत बसावं लागतं.

चक्रीभुंग्यासाठी असला वासाचा सापळा बाजारात मिळत नाही, कोणी विकत असेल तर पैसे वाचवा. तिथं तुमचे डोळेच सापळा.

शेवटी तुम्ही विचारलं घातक कोण. माझ्या मते बोंडअळी, आणि त्यात फार घासाघीस नाही. या किडीला पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळालं ते १८४३ साली, तेही आपल्याच बाजूच्या भरूचच्या कापसावरून आलेल्या नमुन्यांवरून. २००२ मध्ये बीटी कापूस आला, म्हणजे अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारं जनुक घातलेला, २००६ मध्ये दोन जनुकांचा बीजी-२ आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं बोंडअळीचा विषय संपला. आधी गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला ती पचवायला शिकली, मग दुसऱ्यालाही, आणि २०१७ ला विदर्भात काय झालं ते सगळ्यांनी भोगलं. ती शिकली कारण आपण तिला शिकू दिलं: सहा-सात महिने चालणारे संकरित वाण, वर फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन ठेवलेली पऱ्हाटी, अळीला सवय लागू नये म्हणून लावायच्या बिगर बीटीच्या कडेच्या ओळी कोणी लावल्याच नाहीत, बियाणं पाकिटातून काढून ते वेगळं पुडकं धुऱ्यावर फेकून दिलं. आणि संकरित झाडाच्या बोंडात सगळ्या सरक्यांमध्ये ते जनुक सारखं नसतं, म्हणजे अळीला थोडं विष, थोडं बिनविषाचं, सवय लागायला एकदम फर्स्ट क्लास सोय.

चक्रीभुंग्याला बीटीशी काही घेणंदेणं नाही. कापसातलं ते प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे, भुंग्यांसाठी नाही, आणि आपल्याकडे सोयाबीन बीटी नाहीच. तो जुन्या पद्धतीचा शत्रू आहे, हातानं पकडता येणारा. तुमचे तीन एकर सोयाबीन तुम्ही घरच्या माणसांवर सांभाळू शकता. पाच एकर पऱ्हाटी मात्र एकट्यानं सांभाळता येत नाही, शेजाऱ्यानं फरदड ठेवली की त्याचे पतंग तुमच्याकडे, पाखराला सातबारा समजत नाही.

प्रश्न: आम्ही बायका निंदायला जातो तेव्हा मालक म्हणतात वाळलेले शेंडे अन् डोमकळ्याही तोडत चला. मजुरी तेवढीच, काम डबल. याचा खरंच फायदा होतो का, की उगाच आपला जीव काढायचा? (देवळी तालुका, वर्धा)

उत्तर: ताई, फायदा होतो, पण वेळेवर केलं तर, आणि काम डबल असेल तर मजुरीही वेगळी मागा, ते माझं नाव सांगून मागा.

सोयाबीनचा शेंडा कुठून तोडता यावर सगळं आहे. नुसता वाळलेला भाग तोडला तर काही उपयोग नाही, कारण अंडं किंवा अळी दोन चकत्यांच्या मधे किंवा त्याच्या खाली असते. खालच्या चकतीच्याही खालून तोडायचं. तोडल्यावर जिथं तोडलं तिथं बघा, देठ आतून भरीव हिरवा दिसला तर अळी वरच आहे, काम झालं. पोकळ आणि भुसा दिसला तर ती खाली उतरली, आणखी खाली तोडा. हे ऑगस्टपर्यंतच, त्यानंतर अळी खोडात इतकी खाली गेलेली असते की तोडायचं म्हणजे झाडच उपटायचं.

डोमकळ्यांचं त्याहून जास्त मोल आहे, कारण पहिल्या फुलांतली ती पहिली पिढी असते. तिथं एक मादी कमी झाली तर पुढच्या पिढ्यांतली किती पिलावळ वाचली त्याचा हिशोबच नको. फक्त तोडलेलं धुऱ्यावर टाकू नका, डोमकळी वाळायच्या आत अळी बाहेर पडते आणि मातीत कोष करते. पिशवीत जमा करा आणि संध्याकाळी जाळा नाहीतर खोल पुरा. ओटीत घेऊन घरी नेऊन अंगणात टाकणाऱ्याही पाहिल्यात, तसं नको.

प्रश्न: सोयाबीनचं झाड चिरलं, आत लालसर रेघ आणि बारीक पांढरी अळी, पण बाहेर चकती कुठंच नाही. हा चक्रीभुंगाच का? (रिसोड)

उत्तर: नाही, ही खोडमाशी. चकती नाही म्हणजे चक्रीभुंगा नाही, इतकं सोपं. खोडमाशीची अळी दोन-चार मिलिमीटरची, डोकं वेगळं दिसत नाही, आणि बोगदा नागमोडी, लालसर. ती रोप लहान असतानाच शिरते, म्हणून तिचा बंदोबस्त पेरणीच्या वेळेस बीजप्रक्रियेनं, म्हणजे बियाण्याला औषध चोळून, या झाडांना आता उशीर झाला.

प्रश्न: आमच्या शिवारात दरवर्षी चक्रीभुंगा ठरलेला. पुढच्या वर्षी पेरणीच्या आधीच काही करता येईल का? सोयाबीनमध्ये मका घ्यावा म्हणतो. (मूर्तिजापूर)

उत्तर: मका नको, ज्वारीही नको. या दोन्हीच्या आंतरपिकात चक्रीभुंगा जास्त होतो असा अनुभव आहे, तूर घ्या, आपल्याकडची जुनी जोडी आहे आणि चालते. उन्हाळ्यात खोल नांगरटी करा, नुसतं रोटाव्हेटर फिरवून खुंट वरच्या वर बारीक करण्यात समाधान मानू नका, अळी त्या खुंटातच झोपलेली असते. हार्वेस्टरनं काढणी केली की खुंट उंच राहतात, त्या वावरात तर नक्की करा. बियाणं दाट पेरू नका, आपल्याकडे एकरी तीस किलोच्या वर टाकायची सवय कुठून आली कोण जाणे. आणि कडेनं ढैंचा या हिरवळीच्या खताच्या पिकाच्या दोन-चार ओळी पेरून ठेवा, भुंगा आधी तिकडे जातो, मग तिथंच चकत्या पाडलेले शेंडे तोडून नष्ट करायचे. ढैंचा लावला आणि पाहिलाच नाही तर मात्र तुम्ही भुंग्यासाठी पाळणाघर काढलं.

प्रश्न: विहिरीला पाणी आहे, भाव पण चढताहेत. पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवली तर एकरी दोन-तीन क्विंटल फरदडीचा कापूस सहज निघतो. सगळे नको म्हणतात पण नुकसान नेमकं काय? (हिंगणघाट)

उत्तर: तुमचं नुकसान त्या वर्षी दिसणार नाही, ते पुढच्या वर्षी दिसेल आणि शेजाऱ्यालाही दिसेल. थंडीत बोंडअळीची शेवटची पिढी झोपी जाते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात, किंवा वाळक्या बोंडात, किंवा मातीतल्या पालापाचोळ्यात. पुढं मे-जूनमध्ये पाऊस-ओल मिळाली की पतंग बाहेर येतात. त्या वेळेस वावरात पात्या-फुलं नसली तर त्यांनी अंडी घालून काही उपयोग नाही, अळीला खायलाच नाही, पिढी तिथंच खलास. पण मध्येच मे महिन्यात ओलिताची पऱ्हाटी लावणारा कोणी असला तर जुलैत त्याच्या पात्या तयार आणि पतंगांची सोय झाली. म्हणून तर बियाणं हंगामाच्या फार आधी विकायला बंदी घालत आले, काही उगाच नाही. अमेरिकेनं ही कीड त्यांच्याकडच्या कापसातून संपवल्याचं २०१८ मध्ये जाहीर केलं. त्यांनी बीटी, गंधाचे सापळे, नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडणं आणि हंगामानंतर पऱ्हाटी मोडून जमीन मोकळी ठेवणं हे सगळं एकत्र, सगळ्यांनी मिळून केलं. आपल्याला विमान जमणार नाही, पण पऱ्हाटी उपटणं जमतं.

डिसेंबरच्या शेवटी, फार तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पीक मोडा. शेवटचा वेचा झाला की शेळ्या-मेंढ्या आत सोडा, हिरवी बोंडं आणि अर्धवट कवड्या त्या चट करतात. पाणी आहे ना, मग हरभरा किंवा गहू घ्या, उन्हाळी भुईमूग घ्या, दोन-तीन क्विंटल फरदडीपेक्षा वाईट पडणार नाही, कारण फरदडीचा कापूस कवडीचाच असतो आणि भाव चढला तरी त्या मालाला तो भाव मिळत नाही. आणि पऱ्हाट्या चुलीसाठी घरामागं रचून ठेवत असाल तर त्याच्यावर लोंबणारी वाळकी बोंडं आधी झोडून काढून जाळा. नाहीतर मे महिन्यात पतंग तुमच्या गंजीतूनच उडतील. जिनिंगवाल्यांच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांच्या, आवारातली सरकी हा वेगळाच विषय आहे, तिथं सापळे लावायचे ते त्यांनी, पण गावाजवळ जिनिंग असेल तर ग्रामसभेत विचारा की लावलेत का.